कातडं तुझ्याकडे, भोक माझ्याकडे

अल्डर बेंड, मॉन्टाना
२ ऑक्टोबर १९७८

ती. स्व. ऑर्विनदादा यांच्या सेवेशी,

धाकटा भाऊ लेव्हर्न याचे नऊ वर्षांचे साठलेले नमस्कार एकदम पोचावेत. इकडे सर्व कुशल. तुमचा डावा गुडघा, अर्डिसवहिनींचं पित्त आणि तुमच्या त्या म्हाताऱ्या कुत्र्याचे कान कसे आहेत ते सवडीनं कळवावं. (कुत्रा हयात नसल्यास कळवू नये, मला वाईट वाटेल.) थोरल्या भावाला पत्रात 'तुम्ही' म्हणायचं असं आईनं शिकवलं होतं म्हणून इथवर रेटलं. पण ज्याच्याशी आपण एका भोकावरून भांडलो त्याला 'तुम्ही' म्हणताना जीभ अवघडते. यापुढे 'तू'.

अक्षर मार्लिसचं आहे हे तू ओळखलंच असशील. ट्रकच्या दारात माझा उजवा अंगठा चेमटला, त्यामुळे मी सांगतो आणि ती लिहिते. (भावोजी, अंगठा ठणठणीत आहे. खरं कारण पुढे येईलच. ह्यांना वाटतंय मी अजून पत्ताच लिहितेय. — मार्लिस)

तर मुद्द्याची गोष्ट. दादा, मला मूसच्या शिकारीचा परवाना लागला! सव्वीस वर्षं दर वसंतात अर्ज भरतोय, सव्वीस वर्षं सरकार 'आपण निवडले गेला नाहीत' असं छापील सांत्वन करतंय, आणि या जूनमध्ये पाकीट फोडलं तर आत खराखुरा परवाना. बाबा जन्मभर अर्ज करत राहिले आणि मूसचं एक शिंग घरात न येताच गेले, हे तुला सांगायला नको. एकदा परवाना लागला की पुढे सात वर्षं सोडतीत नाव घालता येत नाही, आणि मी आता सदुसष्टचा. म्हणजे आपल्या घराण्यातला हा पहिला आणि माझा शेवटचा. मुदत नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत. गोळी माझी मीच झाडायची, दुसऱ्या कुणाची कायद्याला चालत नाही. तीन महिने झाले, मला धड झोप नाही. कारण एकच, कॅलिबर. गोळी कुठल्या जाडीची घ्यायची?

तू म्हणशील, लेव्हर्न, तुझ्याकडे तुझी ती जगप्रसिद्ध थर्टी-ऑट-सिक्स बंदूक आहे की, मग घोडं अडलं कुठे? थांब जरा, सांगतो. मूस हा सोयीनं उभा राहणारा प्राणी नाही. वाळुंजाच्या झुडपांत असला तर पंधरा पावलांवर, आणि बीव्हरांनी बांध घातलेल्या तळ्यापलीकडे असला तर तीनशे. जवळून मारताना मांसाचा चिखल करणार नाही आणि लांबून मारताना वाटेतच दमणार नाही, अशी गोळी हवी. त्यात मार्लिसचं फर्मान निघालं की नवी बंदूक आणायची तर एकच, आणि तिनं हरणापासून अस्वलापर्यंत सगळं निस्तरायला हवं, कारण कपाटात जागा नाही. (कपाटात जागा आहे. माझ्या डोक्यात नाही. — मा.)

आता तो जुना विषय. मला काढायचा नव्हता, पण कॅलिबर म्हटलं की निघतोच. एकोणसत्तर सालच्या आपल्या शिकारीच्या तळावर तो थोराड शिंगांचा एल्क समोर आला, आपण दोघांनी एकाच क्षणी चाप ओढला, एल्क पडला आणि बघतो तर भोक एकच. एकाचा नेम चुकला होता हे उघड होतं. तू म्हणालास भोक तुझ्या टू-सेव्हंटीचं, मी म्हणालो माझ्या थर्टी-ऑट-सिक्सचं. गोळीचा आत हाडांवर चुरा झालेला, त्यामुळे पुरावा म्हणून उरलं ते फक्त भोक. दोन गोळ्यांच्या जाडीत फरक किती? खसखशीचा एक दाणा. त्या दाण्यावरून आपण तीन दिवस एका तंबूत पाठीला पाठ लावून काढले, आणि चौथ्या दिवशी तू कढई घेऊन घरी गेलास, मी झाकण घेऊन. तू घोडे आणायला गेला होतास तेवढ्यात मी कातड्याचा भोकाभोवतीचा पंजाएवढा तुकडा कापून घेतला, हे मी आज कबूल करतो. (तुला ते नऊ वर्षांपूर्वीच कळलं असणार, कातड्याला मधोमध खिडकी पडली होती.) तेव्हापासून कातडं तुझ्याकडे, भोक माझ्याकडे. कॉफीच्या डब्यात ठेवलंय, जपून.

आणि त्या दिवशी तुझ्या हातात होती ती डावखुरी बंदूक! गोळी भरायच्या बोल्टचा दांडा डावीकडे, उलट्या शिवलेल्या कोटासारखी. अशी बंदूक तयार करणाऱ्यालाही घरी कुणीतरी बोललं असेल. असो. मी ठरवलंय की या पत्रात तुझ्या बंदुकीला नावं ठेवायची नाहीत.

तर झालं असं की ऑगस्टमध्ये कुंपणाच्या खांबावर डबे ठेवून मी सराव सुरू केला आणि माझी थर्टी-ऑट-सिक्स उलटली. ज्या बंदुकीनं तीस वर्षं माझा शब्द खाली पडू दिला नाही, तिची गोळी डब्याच्या आसपाससुद्धा फिरकेना. नळी घासली, दुर्बीण बदलली, वाऱ्याला शिव्या दिल्या. डबे आपले जसेच्या तसे. शेवटी मी शांतपणे विचार केला तेव्हा लक्षात आलं की ही सन एकोणीसशे सहाची गोळी. बहात्तर वर्षांची झाली. थकली असेल बिचारी. पण हे बोलायचं कुणाला? गावात थर्टी-ऑट-सिक्सवाल्यांचा मी म्होरक्या. मीच पक्ष सोडला असं कळलं असतं तर कॅफेत मला कुणी कॉफीसुद्धा विचारली नसती. म्हणून मी जाहीर केलं की केवळ ज्ञानात भर पडावी म्हणून मी सगळी कॅलिबरं एकदा तपासून बघणार आहे. झालं! आपल्या गावात माणसं बाराशे आणि मतं तेराशे, हे मी विसरलो होतो.

पहिला धावून आला व्हर्लिन न्हावी. त्याचं म्हणणं, बंदूक घ्यावी तर थ्री हंड्रेड मॅग्नम, म्हणजे प्राणी मेला की नाही हा वादच राहत नाही. गिऱ्हाइकाच्या गालाला अर्धा साबण लावलेला तसाच ठेवून तो आपली मॅग्नम घेऊन माझ्या कुरणात हजर झाला. मी आडवा पडलो, नेम धरला. त्याच्या दुर्बिणीत जरा धुकं होतं, म्हणून डोळा थोडा पुढे नेला आणि चाप ओढला. दादा, गोळी कुठे गेली ते मला ठाऊक नाही, पण बंदूक कुठे आली ते सांगू शकतो. दुर्बिणीची कड भुवईच्या वर अशी बसली की कपाळावर लालभडक चंद्रकोर उमटली. ही खूण नवशिक्याची, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. रविवारी चर्चमध्ये सगळा वेळ मी टोपी घालून बसलो, तर पाद्रीबाबांनी नम्रतेवर प्रवचन दिलं आणि माझ्याकडे बघून तीनदा थांबले. (दुर्बिणीत धुकं नव्हतं. आकाश निरभ्र होतं, मी त्याच वेळी चादरी वाळत घालत होते. — मा.)

मग आयनारनं शास्त्रीय परीक्षा सुचवली. हा आयनार म्हणजे पूर्वीचा पोस्टमास्तर, तू ओळखतोस. निवृत्त झाल्यापासून त्याला काहीतरी मोजायला हवंच असतं. त्याची पद्धत अशी: मिसूला शहराच्या जाडजूड टेलिफोन डिरेक्टऱ्या पाण्यात भिजवायच्या, सात डिरेक्टऱ्या एकामागे एक उभ्या करायच्या, आणि प्रत्येक कॅलिबरची गोळी किती आत जाते ते बघायचं. गावभरच्या डिरेक्टऱ्या गोळा करून दोन दिवस आमच्या टबात भिजत घातल्या. (दोन दिवस मी शेजारी आंघोळीला गेले. — मा.) माझा चष्मा घरी राहिला असल्यामुळे नेम मी धरला नाही, आयनारनं धरला. निकालही त्यानंच वाचून दाखवला. प्रत्येक गोळी सहा डिरेक्टऱ्या फोडून सातवीत अडकत होती, त्यामुळे मोजमाप आडनावांवर आलं. थर्टी-ऑट-सिक्स अँडरसनपासून निघून नेल्सनवर थांबली. मॅग्नमनं डिरेक्टरी फोडली नाही, उडवली, ती मॅककॉलांच्या शेळीवर पडली आणि शेळीनं एच् पासून पुढची पानं खाल्ली, म्हणून ती बाद. आणि कुणाची तरी टू-सेव्हंटी होती, कुणाची ते विचारू नकोस, ती नेल्सन ओलांडून, ओल्सन ओलांडून, थेट ओस्टबींवर येऊन थांबली. म्हणजे आपल्याच आडनावावर. तुझ्या फोन नंबरातून आरपार. आयनारनं मोठ्यानं वाचलं तेव्हा सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, कागद ओला होता. ते पान मी फाडून खिशात घातलं, कारण पुरावे गोळा करायची मला सवय आहे. त्या दिवसापासून गावात मिसूलाचा नंबर कुणालाच सापडत नाही, आणि दाताचा डॉक्टर गाठायचा म्हणून माणसं अंदाजानं कुठेही फोन लावतात.

त्यानंतर आला नेम बसवायचा दिवस. मोसमाआधीचा तो शनिवार तुला माहीतच आहे, सगळं गाव मैदानावर, प्रत्येकाच्या हातात बंदूक आणि तोंडात तिचं कौतुक. मी यावेळी पाद्रीबाबांच्या बायकोची लहानगी टू-फॉर्टी-थ्री मागून नेली होती, धक्का कमी म्हणून. पाच गोळ्या झाडल्या. माझ्या कागदावर एकही भोक नाही! पण शेजारी व्हर्लिन बसला होता. त्यानंही पाच झाडल्या होत्या आणि त्याच्या कागदावर नऊ भोकं निघाली. गावानं त्याला खांद्यावर घेतलं. नऊ भोकं कशी आली याचा विचार करण्याइतकं डोकं त्या गर्दीत कुणालाच नव्हतं, आणि मीही गप्प राहिलो, कारण थोरांनी लहानांचं यश बघून आनंद मानावा.

हे चाललेलं असतानाच मूस आला. दादा, शप्पथ! उंटाएवढा उंच, फावड्यासारखी शिंगं, हनुवटीखाली दाढी, असा तो नर झाडीतून निघाला, मैदान ओलांडलं आणि बरोबर निशाणांच्या समोर फतकल मारून बसला. मोसम उघडायला सहा दिवस होते. चाळीस माणसं, चाळीस भरलेल्या बंदुका, जगात आहेत तेवढी सगळी कॅलिबरं, आणि कुणालाही काही करता येईना. बंदुका खाली ठेवल्या, बोल्ट उघडे टाकले आणि मंडळी बोलत बसली की याला कुठली गोळी योग्य. तीन तास तो रवंथ करत होता आणि चाळीस जण त्याच्याकडे बोटं दाखवून भांडत होते. मधे आयनारनं मोजमापासाठी जवळ जायचा प्रयत्न केला, तर मूसनं नुसती मान वळवली आणि आयनार दहा वर्षांनी धावला. परवाना त्या गर्दीत एकट्या माझ्याकडे. मी माझ्या मूसकडे डोळे भरून बघत होतो. (हे बघत होते ती मैदानाच्या टोकाची तपकिरी मोटार होती. मूस डावीकडे बसला होता. मला त्या दिवशी हसू आलं, घरी आल्यावर मात्र भीती वाटली. — मा.)

मार्लिस, इतका वेळ काय लिहितेस? स्वल्पविराम म्हणे. बरं.

सप्टेंबरच्या पंधरा तारखेला मोसम उघडला. पहाटेच वाळुंजाच्या दलदलीत गेलो, बरोबर माझीच थर्टी-ऑट-सिक्स, म्हटलं म्हातारीला शेवटची संधी देऊ. मार्लिस थर्मास घेऊन ट्रकमध्ये बसली. आणि समोर दोनशे पावलांवर तो! शिंगं पसरलेली, मान खाली. मी पोटावर सरपटायला लागलो. दोन तास, दादा, गार चिखलातून, सदुसष्टाव्या वर्षी. साठ पावलांवर पोचलो. बाबा आठवले. सव्वीस अर्ज आठवले. मग तीन गोळ्या झाडल्या. तो हलला नाही. मला वाटलं काय काळीज आहे जनावराचं! जवळ जाऊन हात लावला तर उन्मळून पडलेल्या झाडाचा बुंधा, मुळं वर. बुंध्याचंही मला एवढं वाटलं नसतं, पण तीन गोळ्यांपैकी एकही त्याला लागली नव्हती. आणि मार्लिसचं म्हणणं असं की खरा मूस सगळा वेळ माझ्यामागे तीस पावलांवर उभा राहून माझं सरपटणं बघत होता. मी त्या ओल्या बुंध्यावर बसलो आणि चक्क रडलो. हे तुला सांगायचं नव्हतं.

निष्कर्ष काय, तर अष्टपैलू म्हणता येईल असं कॅलिबर अजून माणसाला सापडलेलं नाही. मॅग्नम कपाळ फोडते, टू-फॉर्टी-थ्री दुसऱ्याच्या कागदावर जाते, थर्टी-ऑट-सिक्स म्हातारी झाली. टू-सेव्हंटीबद्दल मी काही बोलत नाही. हा सगळा अनुभव तुझ्या कानावर घालावा एवढ्याचसाठी पत्र, मागणं काही नाही. वहिनींना नमस्कार. कुत्र्याच्या कानांत कोमट तेल घालून बघ.

तुझा धाकटा,
लेव्हर्न

ता. क. मागच्या मंगळवारी मार्लिस मला अंगठा दाखवायला मिसूलाला घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरनं अंगठ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही, सरळ डोळ्यात बॅटरी मारली. (अंगठ्याचं निमित्त माझंच. डोळ्यांच्या डॉक्टरकडे हे पाय ठेवायला तयार नव्हते. आठवड्यापूर्वी ह्यांनी टपालाच्या पेटीला टोपी काढून 'गुड मॉर्निंग, पाद्रीबाबा' म्हटलं. — मा.) उजव्या डोळ्यात मोतिबिंदू पिकलाय म्हणे. डावा मात्र नव्या चष्म्यातून तिशीतल्या माणसासारखा. ऑपरेशन मोसम संपल्यावर, कारण एकदा केलं की पुढे कित्येक आठवडे वाकायचं नाही, बंदुकीचा धक्का तर नावच नको. म्हणजे मूस एका डोळ्यानं मारायचा, आणि तोही डाव्या. डॉक्टरही शिकारी निघाला. त्यानं पहिला प्रश्न विचारला, कॅलिबर कुठलं?

ता. क. २. डाव्या डोळ्यानं नेम धरायचा म्हणजे बंदूक डाव्या खांद्याला आली. मी माझी लावून बघितली. बोल्टचा दांडा उजवीकडे, हात मारायचा नाकावरून, दोन गोळ्यांतच टोपी आणि चष्मा दोन्ही चिखलात. सबंध जिल्ह्यात डावखुरी बंदूक कुणाकडे आहे, याची मी इथे हळूच चौकशी केली. कुणाकडेच नाही. म्हणजे एकाकडे आहे, पण तो डोंगरापलीकडे राहतो आणि नऊ वर्षांत बोललेला नाही. दादा, तू डाव्या हातानं जेवायचास म्हणून बाबा तुझा हात खुर्चीला बांधून ठेवायचे, तेव्हा टेबलाखाली शिरून ती गाठ सोडायचं कोण, आठवतंय? मी सोडायचो. एकदा त्याबद्दल मारही खाल्ला. याचा मी कधी उल्लेख केला नव्हता, आजही करत नाही. पण तुझी बंदूक दे. आणि नुसती पाठवू नकोस, तूही ये, कारण मला डावीकडून काहीच येत नाही, आणि आपल्यात ते येतं ते तुला एकट्याला.

ता. क. ३. भोक सोबत पाकिटात घातलंय. डब्यातून काढून मार्लिसनं विणायच्या सुया घालून मोजायचा प्रयत्न केला. कातडं वाळून वाळून ते इतकं आकसलंय की त्यातून आता तुझीही गोळी जाणार नाही आणि माझीही. तुझ्या कातड्याला शिवून घे. अर्धा मूस तुझा. येताना कढई आण, झाकण माझ्याकडे आहे.

ता. क. ४. गावात कुणी विचारलंच तर ती बंदूक थर्टी-ऑट-सिक्स आहे असं सांगायचं. एरवी आपल्या दोघांत म्हणशील तर, दादा, कॅलिबर कुठलंही चालेल.

(भावोजी, हे शेवटचं वाक्य खोड म्हणून ह्यांनी मला तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा मी खोडलं म्हणाले. ह्यांनी चष्मा न लावताच कागद डोळ्याजवळ नेऊन बघितला, आणि छान खोडलंस म्हणाले. लवकर या. — मार्लिस)